ताटात मावणारा मासा

(दहावी १९९६च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर तिघांनी फोन करून सांगितलं, की एआयमुळे मुलांच्या नोकऱ्या राहणार की जाणार, त्यावर बोल. ते जेवताना सांगेन, मला जेवढं कळतं तेवढं. आज मी माशांवर बोलणार आहे. जे शाकाहारी आहेत त्यांनी थोडं सांभाळून घ्यावं. आपण किनाऱ्यावरच्या शाळेत शिकलो, तेव्हा माशांचा वास तुम्हालाही नवीन नाही.

सुरुवात एका कबुलीनं करते. मे २०२२ मध्ये आपला रौप्यमहोत्सवी मेळावा झाला. खरं तर तो आदल्या वर्षी व्हायचा होता, कोरोनामुळे पुढे गेला. त्या मेळाव्याच्या जेवणाची जबाबदारी तिघांवर होती आणि त्यात मी होते. केटरर म्हणाला, "मॅडम, गेट-टुगेदर आहे, ताटात अख्खं पापलेट दिसलं पाहिजे." आम्हालाही तेच हवं होतं. मोठ्या पापलेटचा भाव ऐकल्यावर मात्र आमचे डोळे पांढरे झाले. त्यावर त्यानंच तोड काढली. लहान घेऊ, तळहाताएवढी, प्रत्येक ताटात दोन. दिसायला भरगच्च आणि बजेटातही बसतं. आम्ही हो म्हटलं. एकशे चाळीस माणसं होती, म्हणजे दोनशे ऐंशी पापलेटं. फोटो तुम्ही सगळ्यांनी ग्रुपवर टाकलेत. माझ्याकडे अजून आहेत.

त्या दिवशी आपल्या एका वर्गमित्रानं फक्त वरण-भात खाल्ला. शाळेत आपण त्याला नाखवा म्हणायचो, आजही म्हणतो. मला वाटलं, त्याचा सोमवार वगैरे असेल. दुसऱ्या दिवशी मी आईसाठी मासे घ्यायला बंदरावर गेले, तिथे तो भेटला. म्हटलं, "काल जेवला नाहीस नीट?" तो म्हणाला, "तू ताटात वाढलंस ना, ती पोरं होती गं. मोठी झाली असती तर दोन वर्षांनी माझ्याच जाळ्यात आली असती." तो रागावून बोलला नाही. लगेच मला बोंबील निवडून द्यायला लागला. मला मात्र तिथे उभं राहणं अवघड झालं.

अवघड वाटण्याचं आणखी एक कारण होतं. माझी नोकरी ज्या कामावर चालते ते काम म्हणजे हॉटेलांच्या खरेदीचं सॉफ्टवेअर. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, काही वर्षं कॅलिफोर्नियात सॅन होजेला होते, आता परत पुण्यात आहे. या काळात मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरं माल कसा मागवतात, ते मी स्क्रीनवर बघत आले. शेफ एक फॉर्म भरतो. माशाचं नाव, अख्खा की तुकडे, आणि एका प्लेटचं वजन. अख्खा मासा हवा असेल तर तो प्लेटमध्ये मावायला हवा आणि एका माणसाच्या बिलातही बसायला हवा. एकदा का ही दोन मापं ठरली, की समुद्रातून कोणत्या वयाचा मासा बाहेर काढायचा तेही ठरतं. हे शेफनं ठरवलेलं नसतं आणि कोळ्यानंही नाही. ते प्लेटच्या व्यासानं ठरवलेलं असतं. असे फॉर्म मी स्वतः तयार केले होते. आपल्या मेळाव्याच्या वेळी मी तोच फॉर्म तोंडी भरला.

अमेरिकेत असताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं, असंही नाही. सॅन होजेपासून दीड तासावर माँटेरे नावाचं गाव आहे. कुणी पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथलं मत्स्यालय दाखवायला नेत असू. १९८४ साली उघडलेलं हे मत्स्यालय सार्डिन डबाबंद करणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवर आहे. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या जातीतला मासा. एके काळी त्या रस्त्यावर असे कारखानेच कारखाने होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सार्डिन मिळेनासा झाला आणि एकेक करून ते बंद पडले. मासा संपला की गावाचं काय होतं, हे ज्या जागेनं पाहिलं तिथेच आज माशांचं संग्रहालय उभं आहे.

१९९९ पासून हे मत्स्यालय खिशात मावेल असं एक कार्ड छापायला लागलं. त्याचं नाव सीफूड वॉच. हिरव्या रकान्यातले मासे खुशाल खा, पिवळ्यातले जरा विचार करून, लाल रकान्यातले टाळा. माझ्या पर्समध्ये ते कार्ड कित्येक वर्षं होतं. त्यात पापलेट नव्हतं, सुरमई नव्हती, बोंबील तर नव्हताच. त्यामुळे मी ते अमेरिकेपुरतं धरलं आणि भारतात परतताना तिथेच सोडून आले. कार्ड आणलं नाही याचं काही नाही. त्यामागचा विचारही मी आणला नाही, ही माझी चूक.

त्या काळातली एक गोष्ट सांगते, ती आपल्या पापलेटशी थेट जुळते. अटलांटिक महासागरात स्वोर्डफिश नावाचा मासा असतो. तोंडाला तलवारीसारखं लांब पातं, वजनाला माणसापेक्षा जड. १९६०च्या दशकात उत्तर अटलांटिकमध्ये पकडला जाणारा स्वोर्डफिश सरासरी शंभर किलोच्या वर भरायचा. १९९०च्या दशकात ती सरासरी चाळीस किलोच्या आसपास आली. चाळीस किलो म्हणजे आपल्याला राक्षस वाटेल, पण त्या जातीत ते पोर. एकदाही अंडी न घातलेल्या माद्या पकडल्या जात होत्या. अमेरिकेतल्या महागड्या हॉटेलांत त्याचे जाड तुकडे भाजून द्यायची तेव्हा मोठी फॅशन होती.

१९९८च्या जानेवारीत पूर्व किनाऱ्यावरच्या काही नामवंत शेफनी ठरवलं, की आम्ही हा मासा आमच्या मेनूतून काढतोय. सीवेब आणि एनआरडीसी या दोन संस्थांनी ती मोहीम चालवली आणि पुढे शेकडो हॉटेलं त्यात आली. गिऱ्हाईक विचारायचं, स्वोर्डफिश का नाही? वेटर कारण सांगायचा. १९९९ मध्ये अटलांटिकमधल्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं दहा वर्षांची योजना आखून पकडीवर मर्यादा घातली. २००० मध्ये अमेरिकन सरकारनं फ्लोरिडाजवळचे, जिथे पिल्लं वाढतात ते भाग लांब दोरीच्या गळांना बंद करायचं ठरवलं. त्याच वर्षी मोहीम थांबवली गेली, कारण जे मागितलं होतं ते मिळालं होतं. २००२च्या पाहणीत साठा जवळजवळ पूर्ववत झालेला दिसला आणि २००९ मध्ये तो पूर्ण सावरल्याचं जाहीर झालं. मासा परत येतो, मित्रांनो. त्याला एक-दोनदा वीण करायला सवड दिली तर येतो. हे सगळं शेफमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कायदा झाला म्हणून झालं. पण हॉटेलांनी नाही म्हटल्यावर कायद्याची चर्चा पुढे सरकली.

आता मोठ्या हॉटेलांचा विषय निघालाच आहे, तर ताऱ्यांबद्दलही बोलते. मिशेलिन हे नाव तुम्ही मुलांच्या तोंडून किंवा टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धांत ऐकलं असेल. ही मुळात फ्रान्समधली टायरची कंपनी. लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात, म्हणजे टायर झिजतील, म्हणून तिनं १९०० साली वाहनचालकांसाठी एक फुकट पुस्तिका काढली. १९२६ पासून ती चांगल्या खानावळींना तारे देऊ लागली. आज तीन तारे म्हणजे हॉटेलवाल्यांच्या जगातला सर्वोच्च मान. कित्येक वर्षं या ताऱ्यांचा हिशेब फक्त ताटातल्या पदार्थापुरता होता. पदार्थ उत्तम झाला की झालं, मासा कुठून आला, किती वयाचा होता, याच्याशी ताऱ्याला देणंघेणं नव्हतं. २०२० मध्ये त्यांनी हिरवा तारा सुरू केला. जी स्वयंपाकघरं निसर्गाची काळजी घेऊन चालतात त्यांच्यासाठी तो वेगळा ठेवला.

बक्षिसांकडे मी आधी जरा तुच्छतेनंच बघायचे. श्रीमंतांनी श्रीमंतांना दिलेली प्रशस्तिपत्रकं, एवढंच वाटायचं. एका हॉटेलाबद्दल वाचलं आणि मत थोडं बदललं. दक्षिण स्पेनमध्ये काडिझच्या उपसागराच्या काठी अपोनिएंते नावाचं हॉटेल आहे. आंहेल लेओन हा त्याचा शेफ. भरती-ओहोटीच्या पाण्यावर चालणाऱ्या एका जुन्या पिठाच्या गिरणीत त्यानं ते थाटलं आहे. याचं वैशिष्ट्य असं, की जाळ्यात येणारे जे मासे बाजारात कुणी घेत नाही म्हणून मच्छीमार फेकून देतात, तेच तो शिजवतो. डुकराच्या मांसाचे जसे सॉसेज करतात तसे त्यानं अशा माशांचे केले. समुद्रातलं हिरवं प्लवक भातात घातलं. २०१७च्या नोव्हेंबरात त्याला तिसरा तारा जाहीर झाला, आणि पुढे हिरवा ताराही मिळाला. मी तिथे जेवलेले नाही आणि जेवेन असंही वाटत नाही, तिथलं एका माणसाचं बिल म्हणजे आपल्या आजच्या जेवणाचा अर्धा खर्च होईल. पण जो मासा काल फेकण्याच्या लायकीचा होता, त्याला तारा मिळाल्यावर लोक तो मागून खायला लागले. मान कशाला द्यायचा हे बदललं, की मागणी बदलते.

हे वाचताना मला आपला आठवी 'ब'चा वर्ग आठवला. मधल्या सुट्टीत कोळीवाड्यातल्या मुली डब्यात जवळ्याची चटणी, सुकट, कधी मांदेलीचं सुकं आणायच्या. आम्ही काहीजणी खिडक्या उघडायचो आणि नाकाला रुमाल लावून बसायचो. त्यातली एक आज समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. ती पुढे डबा न्यायचीच बंद झाली होती, हे मला फार उशिरा कळलं. तिची माफी मी आज सकाळी मागितली. तिनं "काय गं, एवढ्या जुन्या गोष्टी" म्हणून हसण्यावारी नेलं. पण चांगला मासा म्हणजे पापलेट-सुरमई आणि बाकी सगळं वास मारणारं, ही प्रतवारी आपण तेव्हापासून डोक्यात घेऊन बसलो आहोत. लग्नात, बारशात, मेळाव्यात आपण तीच वाढतो.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण यात माझाही गोंधळ होत होता. लहान मासा खायचा नाही, असं नाखवा म्हणत नाही. मांदेली, जवळा, तारली हे जातीनंच लहान. ते लवकर वाढतात, लवकर विणीला येतात आणि त्यांचं आयुष्यही थोडं. त्यांना लहान म्हणून नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो मोठ्या जातीच्या पिल्लांचा. तळहाताएवढं पापलेट, हातभरही न झालेली सुरमई, वीतभर घोळ, ही पोरं आहेत. बाजारात पाटी समोर आली की एवढंच विचारायचं, हा मासा पूर्ण वाढून एवढाच होतो, की अजून वाढायचा आहे? मासे विकणाऱ्या मावशींना ते आपल्यापेक्षा नक्की जास्त कळतं. आपण विचारतच नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी, याच्यापेक्षा लहान पकडायचा नाही, अशी मापंही ठरवून दिली. पापलेटचं माप आहे १३५ मिलिमीटर. भूमितीचे सर इथे बसले आहेत म्हणून सांगते, कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी असते ना, तिच्यापेक्षा दीड सेंटिमीटर कमी. सर, तुम्ही म्हणायचात, मोजल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. मी घरी जाऊन २०२२चे ते फोटो मोठे करून बघितले. ताटाशेजारी चमचा आहे, त्याची लांबी मला माहीत आहे. त्रैराशिक मांडलं. आपली पापलेटं साधारण बारा सेंटिमीटरची होती. तेव्हा तो नियम आला नव्हता, पण नियम नव्हता म्हणून मासा मोठा होत नाही.

नाखव्याला मी म्हटलं, मग तुम्ही लोक ही पकडताच कशाला? तो म्हणाला, "जाळ्याला पोर ओळखता येत नाही, जाळ्याचा आस जेवढा तेवढं त्यात अडकतं. मोठ्या आसाचं जाळं टाकलं आणि शेजारच्यानं बारीक टाकलं, तर माझी बोट रिकामी येते. डिझेल, बर्फ, खलाशी यांचे पैसे रोजच लागतात. आणि बारीक मासा कुणीच घेतला नसता, तर त्यानंही टाकलं नसतं." बाकीची कारणंही त्यानं सांगितली. मोठे ट्रॉलर, पर्ससीन जाळी, २०१७ मध्ये बंदी येऊनही रात्री दिवे लावून चालणारी मासेमारी, खाडीत येणारं सांडपाणी. ही सगळी आपल्या ताटापेक्षा मोठी आहेत आणि त्यावर मी इथून काही करू शकत नाही. पण त्याच्या शेवटच्या वाक्यातला "कुणीच" म्हणजे आपण आहोत.

हे फक्त परदेशातच जमतं असं समजू नका. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे. तिथे आपल्या तिसऱ्यांसारखी शिंपली काढतात. नव्वदच्या दशकात उपसा वाढला आणि उत्पादन घसरलं. तेव्हा तिथल्या लोकांनी विणीच्या दिवसांत काढणी बंद ठेवायचं आणि जाळीचा आस मोठा ठेवायचं ठरवलं. शिंपली टिकली. २०१४ मध्ये त्या मासेमारीला जागतिक पातळीवरचं एमएससीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. ते मिळवणारे लोक आपल्या नाखव्यासारखेच होते.

आपल्यासाठी करण्यासारखं फार अवघड नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये. आपल्या आज्या त्या दिवसांत सुके बोंबील आणि सुकट काढायच्या आणि नारळी पौर्णिमेची वाट बघायच्या. हे शास्त्र त्यांना कुणी कार्डावर छापून दिलं नव्हतं. अख्खं पापलेट परवडत नसेल तर मोठ्या पापलेटचे तुकडे करून वाढावेत, आणि तेही जमत नसेल तर बांगडा वाढावा. कोणत्या महिन्यात कोणता मासा घ्यावा, हे 'नो युवर फिश' नावाचा उपक्रम २०१७ पासून सांगतो आहे, तो मोबाइलवर बघता येतो. आणि आपल्यापैकी ज्यांची हॉटेलं आहेत, ज्यांचा केटरिंगचा धंदा आहे, तुम्ही चौघंजण इथे आहात, तुम्ही मेनूकार्डावरून 'प्लेट साइज पापलेट' हे शब्द काढा. तुमच्या खरेदीची यादी मी फुकट करून देईन. आमच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये आता प्रत्येक माशापुढे कमीत कमी लांबीचा रकाना आहे. तो घालायला मला दीड वर्ष भांडावं लागलं. किती हॉटेलं तो भरतात, ते विचारू नका. अजून थोडीच.

नाखव्याकडे दोन बोटी होत्या. गेल्या दिवाळीत त्यानं मोठी विकली. त्याचा मुलगा बोईसरला कंपनीत लागला आहे, त्याला समुद्रावर जायचं नाही, आणि बापानंही आग्रह धरला नाही. आपल्या दोनशे ऐंशी माशांनी त्याची बोट विकली गेली, असं मी म्हणत नाही. पण ती विकायला लावणाऱ्या हिशेबात आपलीही एक ओळ होती, आणि ती माझ्या सहीची होती.

म्हणून या वेळी जेवणाची समिती बनली तेव्हा मी पुन्हा नाव दिलं आणि पहिला फोन नाखव्याला केला. म्हटलं, मेनू तू सांग. तो म्हणाला, "मेनू मी आत्ता कसा सांगू? त्या दिवशी जे येईल ते." केटररची पंचाईत झाली, पण ऐकलं त्यानं. आज पहाटे नाखवा आणि मी बंदरावर उभे होतो. कुरकुरीत मांदेली आहे, बांगड्याचं तिखलं आहे, भरलेले बोंबील आहेत. आणि जवळ्याची चटणी आहे. ती तिसऱ्या रांगेतल्या मैत्रिणीनं घरून करून आणली आहे. शाकाहारी मंडळींसाठी वालाचं बिरडं आहे. पापलेट नाही. कुणाला फोटोसाठी पापलेट हवंच असेल, तर २०२२चे आहेत माझ्याकडे.

आज नाखवा आपल्याबरोबर जेवणार आहे. मी त्याला विचारून घेतलंय.

चला, ताटं वाढली आहेत. सर, बाई, आधी तुम्ही चला.